शुगर, जॅगरी आणि काकवीतला खडा

वर एकांनी लिहिलंय की 'शुगर' हा शब्द इंग्रजांनी आपल्या 'शर्करा'वरून इथे राज्य करताना उचलला. मूळ बरोबर, वाट चुकली. शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, तिथून मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचली, तीही कंपनी सरकारच्या कितीतरी आधी. स्पॅनिशमध्ये तर 'असुकार' म्हणतात. सुरुवातीचा 'अ' हा अरबी 'अल' चिकटून राहिलेला.

मला खरी गंमत वाटते 'जॅगरी'ची. आम्हा सांगलीकरांना गूळ म्हणजे घरचं माणूस, आणि त्याचं इंग्रजी नावही शर्करेच्याच घरातलं निघालं! फक्त ही बहीण समुद्रावरून गेली. मल्याळम चक्करा, कन्नड सक्करे यांच्यावरून पोर्तुगीजांनी 'जागरा' केलं आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी ते घेतलं. म्हणजे दुकानात शुगर आणि जॅगरी शेजारी मांडून 'हे चांगलं की ते' असा वाद घालतो, त्या दोघी सख्ख्या बहिणी. सॅकरिन ग्रीकमार्गे आलेली तिसरी.

शर्करेचा जुना अर्थ खडे, वाळू. सुश्रुतसंहितेत लघवीतल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलंय. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी महिना-दोन महिने बाटलीत राहिली की तळाशी रवा धरते. भाकरीबरोबर खाताना दाताखाली कचकन येतो तो हाच मूळ अर्थ. त्यात आपण 'खडीसाखर' म्हणतो, म्हणजे खड्यांवर आणखी खडी!

'कँडी'चं मूळ 'खंड', पण तिचा प्रवास वेगळा, त्यावर कुणीतरी सवडीनं लिहा.