माळशेज घाटातला तांबडा पट्टा : अर्थकॅशसाठी जागा ठरवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडची. गेली तीन वर्षं मी, नवरा आणि आठवीतली लेक असे तिघं जिओकॅशिंग करतो. अक्षांश-रेखांश धरून कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवायचा. पण मुंबईत बेवारस डबा दिसला की लोक आधी पोलिसांना फोन करतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आता आम्हाला स्वतःची अर्थकॅश मांडायची आहे. तिच्यात डबा नसतोच. जागेवर जाऊन खडक नीट बघायचा, दिलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि मांडणाऱ्याला पाठवायची.

विषय लेकीने दिला. ऑगस्टमध्ये कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला गेलो होतो. घाट चढताना, रस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या कातळात हातभर जाडीचा विटकरी पट्टा दिसला. वरही काळा दगड, खालीही काळा. "आई, दगडाच्या पोटात माती कशी शिरली गं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर साचत गेला, हे शाळेत शिकले होते. दोन थरांमध्ये उसंतही असायची, हे मात्र कधी मनातच आलं नव्हतं. त्या उसंतीत खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजून माती व्हायचा, त्यातल्या लोहाला गंज चढायचा, कुठे ज्वालामुखीची राखही पडायची. मग पुढचा लाव्हा त्या सगळ्यावर पसरायचा. म्हणजे तो हातभर पट्टा ही एके काळची उघडी जमीन आहे!

तिथेच पडलेल्या एका फुटक्या दगडात वाटाण्याएवढी भोकं होती. आत हिरवट साय धरलेली आणि तिच्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पांढऱ्या सुया. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची ही घरं, नंतर पाण्यातून आलेल्या झिओलाइट नावाच्या खनिजाने भरलेली. लेक तो घरी आणायला निघाली होती, मी परत ठेवायला लावला.

आता अडचण. आम्ही थांबलो ती जागा वळणावर आहे. पाच मिनिटांत वरून सुपारीएवढा दगड घरंगळत गाडीपुढे पडला, मागून ट्रक हॉर्न देत आला, आणि माझे हातपाय गार पडले. तिथे मी कुणाच्याही लेकराला पाठवणार नाही. शिवाय चार वेळा घेतलेलं लोकेशन चार जागी निघालं, तीस-चाळीस मीटरचा फरक. अर्धं आभाळ कड्यानेच अडवलं तर उपग्रह दिसणार किती!

घाट ओळखीचा असलेल्यांना विचारते : गाडी रस्त्याबाहेर लावून, कड्याखाली न जाता असा तांबडा पट्टा दिसेल अशी जागा माळशेजमध्ये कुठे आहे? समोरच्या डोंगरात दिसला तरी चालेल, मग बिंदू बघणाऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेचा देईन. घाटमाथ्यावर, जुन्नरच्या बाजूला कुणी पाहिलाय का? अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा पर्याय नवऱ्याने सुचवला, पण तिथे आहेत ते लाव्हा थंड होताना तडकून झालेले उभे खांब, गोष्टच वेगळी.

आणि रस्त्यालगतच्या जागेसाठी परवानगी नक्की कुणाची लागते, वनखात्याची की महामार्गवाल्यांची? महाराष्ट्रात ज्यांनी अर्थकॅश मांडली आहे त्यांनी कृपया स्वतःचा अनुभव लिहा.

प्रश्न म्हणून सध्या एवढे सुचलेत : पट्ट्याची जाडी अंदाजे किती, वरची कड सरळ आहे की खालीवर, आणि भोकं पट्ट्याच्या वरच्या दगडात जास्त की खालच्या? लांबून बघायचं झालं तर तिसरा प्रश्न बाद होईल. त्याऐवजी काय विचारावं?

दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की पुन्हा जाणार आहोत. तोपर्यंत कुणाकडे घाटाचे उन्हाळ्यातले, गवत नसतानाचे फोटो असतील तर इथे टाका.