फोनच्या बिलात आम्ही न केलेले परदेशी कॉल, कॉम्प्युटर करतोय का हे? (डायलअप आणि विंडोज एक्सपीच्या काळातली जुनी चर्चा)

भांबावलेला:
मंडळी मदत करा, डोकं चालेनासं झालंय. या वेळचं फोनचं बिल नेहमीच्या सातपट आलंय. तपशील मागवला तर त्यात अकरा परदेशी कॉल, दोनच नंबरांना, आणि ते देश नकाशात शोधले तेव्हा कळलं की पॅसिफिक महासागरातली कुठली तरी बेटं आहेत. आमचं तिकडे कोण असणार! फोन कंपनीत विचारलं तर कॉल तुमच्याच लाईनवरून गेलेत, भरावे लागतील, विषय संपला. घरात सगळ्यांचा संशय भाच्यावर, तो सुट्टीला आलाय आणि दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेला असतो, पोरगं बिचारं शपथा घेतंय. ऑफिसात एक जण म्हणाला "डायलर" बसला असेल. खरंच असं होतं का? आमच्याकडे डायलअप आहे, म्हणजे साध्या फोन लाईनवरून नंबर फिरवून लागणारं इंटरनेट, विंडोज एक्सपी, अँटीव्हायरस आहे पण तो म्हणतो काही सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात ब्रॉडबँड येतंय, मग आपोआप थांबेल ना?

जुनी_तार:
होतं की, आणि करायला अगदी सोपं आहे ते. मोडेम म्हणजे शेवटी एक फोनच, कॉम्प्युटर सांगेल तो नंबर फिरवणार. डायलर आला की तुमच्या आयएसपीचा (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा) कॉल तोडतो आणि दुसराच नंबर लावतो, तिथूनही इंटरनेट चालूच राहतं त्यामुळे तुम्हाला काही कळत नाही, फक्त मिनिटामिनिटाला मीटर पडत असतो आणि त्या पैशातला वाटा नंबर चालवणाऱ्याला जातो. छोट्या बेटांचे नंबर का, तर तिथले कॉल महाग आणि वाटा देणारी व्यवस्था तिथे जमवता येते.

हे काही आजचं नाही. १९९७ साली अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) असल्याच लोकांवर केस केली होती. फुकट चित्रं बघायला "खास व्ह्यूअर" घ्या म्हणायचे, डेव्हिड डॉट ईएक्सई नावाची फाईल असायची, ती आधी मोडेमचा स्पीकर बंद करायची आणि मग गुपचूप मोल्दोव्हाचा नंबर फिरवायची, मिनिटाला दोन डॉलरच्या वर. गंमत म्हणजे कॉल मोल्दोव्हापर्यंत पोचतच नव्हते, कॅनडातच थांबायचे, बिल मात्र मोल्दोव्हाचं. आणि ती साईट सोडून दुसरीकडे गेलात तरी कॉल चालूच, कॉम्प्युटर बंद करेपर्यंत.

आत्ता पहिलं काम, मोडेममधली फोनची वायर उपटा. बाकीचं मग निवांत.

खटपट्या:
वायर काढलीत की हे बघा. नेटवर्क कनेक्शन्समध्ये जा, तुम्ही न बनवलेलं एखादं कनेक्शन दिसतंय का. पण तेवढ्यावर थांबू नका, तुमचं स्वतःचं जे रोजचं कनेक्शन आहे त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नंबर वाचा, आकडा न् आकडा, कारण काही डायलर नवीन काही बनवतच नाहीत, तुमच्याच कनेक्शनमधला नंबर बदलून ठेवतात आणि नाव तसंच. माझ्या चुलतभावाकडे असंच होतं, दोन महिने आम्ही नवीन आयकॉन शोधत बसलो होतो.

दुसरं म्हणजे मोडेमचा लॉग, म्हणजे त्याने केव्हा काय केलं त्याची नोंद. कंट्रोल पॅनेलमधून मोडेमच्या प्रॉपर्टीज, तिथे डायग्नोस्टिक्स टॅबवर लॉग बघता येतो. नंबराच्या जागी सगळे हॅश (#) दिसतील, घाबरू नका, विंडोज मुद्दाम लपवतं, पण तारीख वेळ असते. बिलावरच्या वेळेशी जुळवा. फक्त दर वेळी जुना लॉग पुसला जातो, मागचं राहायला हवं असेल तर तिथेच अपेंडची (जुन्याला जोडून लिहायची) खूण करून ठेवा.

अँटीव्हायरसचं म्हणाल तर बरेच जण डायलरला व्हायरस धरतच नाहीत, कारण कुठेतरी एक खिडकी येते, बारीक अक्षरात दर लिहिलेला असतो आणि आपण "येस" दाबलेलं असतं, म्हणजे कागदोपत्री तुमची परवानगी. सेटिंगमध्ये डायलर किंवा रिस्कवेअर (व्हायरस नाही पण धोक्याचा प्रोग्रॅम) असा वेगळा पर्याय असतो, तो चालू करून परत स्कॅन करा.

वाऱ्यावरचीवरात:
एवढं कशाला, भाच्याला दोन धपाटे घाला, सगळं कबूल करेल 😀

निळीशाई:
@वाऱ्यावरचीवरात, पोराला बोलण्याआधी हे ऐका. जर्मनीत अशीच केस थेट वरच्या कोर्टापर्यंत गेली. सोळा वर्षांच्या मुलाने इंटरनेट फास्ट होईल म्हणून एक फाईल उतरवली, संशय आला म्हणून डिलीट पण केली, पण डायलरने कनेक्शनच्या सेटिंग बदलून ठेवल्या होत्या त्या तशाच राहिल्या आणि महिनोन् महिने महाग नंबर लागत राहिला. बिल आईच्या नावावर. मार्च २००४ मध्ये कोर्टाने सांगितलं की गुपचूप बसलेल्या डायलरचे पैसे तिने द्यायचे नाहीत, कारण त्या कॉलमधून फोन कंपनीलाही कमाई होते, मग जोखीमही कंपनीनेच घ्यावी. तुमच्याकडे हाच नियम लागेल असं नाही, पण तक्रारीत मुद्दा म्हणून मांडायला काय हरकत आहे.

म्हणून भांबावलेला, काहीही पुसू नका आत्ता! आधी कनेक्शनच्या खिडकीचे स्क्रीनशॉट, लॉगची कॉपी, संशयित फाईल सीडीवर, फाईलची तारीख कागदावर. सगळे रागाच्या भरात फॉरमॅट मारतात आणि मग दाखवायला हातात काही नसतं. तक्रार लेखी द्या, फोनवर बोलून काही होत नाही, आणि वादातले कॉल सोडून बाकीचं बिल भरता येतं का ते विचारा म्हणजे लाईन तुटणार नाही.

जुनी_तार:
निळीशाई १००% बरोबर. आणि त्याच अर्जात परदेशी कॉल आणि प्रीमियम (जादा दराचे) नंबर फोन कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच बंद करायला सांगा. कॉम्प्युटरवर तुम्ही काहीही बसवा, डायलर त्याला उद्या बंद पाडेल, पण एक्स्चेंजमधलं कुलूप त्याच्या हाताबाहेर आहे. माझ्या मते घरच्यासाठी हा एकच उपाय भरवशाचा, बाकी सगळी ठिगळं. आयर्लंडमध्ये तर २००४ मध्ये दूरसंचार नियामकानेच तेरा ठिकाणांचं थेट डायलिंग बंद करायला लावलं, त्यात बहुतेक अशीच बेटं.

खटपट्या:
ब्रॉडबँडचं राहिलंच. डीएसएलचा (फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा) मोडेम फोन नंबर फिरवत नाही, त्यामुळे तिथे डायलरचं काही चालत नाही. त्या कनेक्शनच्या खिडकीत पण "डायल" असं बटण दिसेल, ते नुसतं नाव आहे, खरा कॉल लागत नाही. पण जुना मोडेम आत तसाच आणि त्याची वायर फोनच्या सॉकेटमध्ये तशीच ठेवलीत, फॅक्ससाठी म्हणून वगैरे, तर डायलर त्यावरून आरामात कॉल करेल आणि तुम्ही म्हणाल माझं तर ब्रॉडबँड आहे. वायर काढायचीच. आणि एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) टाकला नसेल तर टाका, त्यानंतर साईट ॲक्टिव्हएक्स (ब्राउझरमधून कॉम्प्युटरवर बसणारे छोटे प्रोग्रॅम) बसवायला लागली तर आपोआप खिडकी उघडत नाही, वर एक पट्टी येते. रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं (प्रोग्रॅम बसवायचे पूर्ण हक्क नसलेलं) खातं करा, भाच्यालाही तेच द्या.

भांबावलेला:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून सगळं केलं. रोजच्या कनेक्शनचा नंबर बरोबर होता, पण खाली आणखी एक कनेक्शन होतं, नाव नुसतं एक टिंब, आणि डिफॉल्टची (आपोआप आधी तेच लागेल अशी) खूण त्याच्यावर! नंबर बिलातलाच. लॉगमधली शेवटची वेळ पण बिलातल्या शेवटच्या कॉलशी जुळली. अँटीव्हायरसमध्ये ती खूण चालू केल्यावर त्याने लगेच फाईल पकडली, मी त्याला ती पुसू दिली नाही, आधी सीडीवर घेतली. अर्ज उद्या देतोय, परदेशी कॉल बंद करायचा पण.

आता खरी गोष्ट. फाईलची तारीख भाचा यायच्या चार दिवस आधीची आहे. त्या संध्याकाळी मीच बसलो होतो, फुकट वॉलपेपर बघत, आणि एक खिडकी सारखी सारखी येत होती म्हणून शेवटी वैतागून येस दाबलं होतं, आता आठवतंय.

निळीशाई:
हाहा, चला पोरगं सुटलं. तारखेचा स्क्रीनशॉट घेतलात ना?

भांबावलेला:
घेतला. ताईचा फोन यायचाय संध्याकाळी, तिला कसं सांगू ते सुचत नाहीये, परवा मी तिच्याच समोर त्याला फैलावर घेतलं होतं.