अंगठी, वळं की मुद्रिका?

चांदीची_तार : टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले दागिने मी गेल्या पावसाळ्यापासून घरी घडवते आहे. प्रत्येक डबीत मराठी चिठ्ठी घालायचीय, पण पहिल्याच शब्दावर गाडी अडली. 'रिंग'ला काय म्हणावं? 'अंगठी' लिहिलं तर आईने विचारलं, "मग खडा कुठाय?" 'मुद्रिका' भारदस्त वाटतं. शिवाय 'हँडमेड' आणि 'इन्स्पायर्ड बाय' यांना 'हस्तनिर्मित' आणि 'प्रेरित' सोडून काही घरगुती शब्द आहेत का?

जुनी_पेठ : ताई, तुमच्या आईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. बिनखड्याच्या, सरळ गोल सोन्याला आमच्या घरी 'वळं' म्हणतात. संस्कृत 'वलय'चंच हे रूप. तारेचे दोन-तीन वेढे दिले की 'वेढणी'. खडा बसवला की मगच 'अंगठी'. कादंबरीतली ती मुख्य वस्तू साध्या सोन्याची आहे, खडा नाही, नक्षी नाही. म्हणून ते वळंच. एल्फ या अमर लोकांच्या तीन अंगठ्यांना मात्र खडे आहेत, एकीला लाल, एकीला निळा, एकीला शुभ्र. त्या अंगठ्या. इंग्रजीत चौघींना एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन आहेत, तर दोन्ही वापरा.

निळा_खडा : पण वळ्यावर अक्षरं आहेत ना, आतून आणि बाहेरून? विस्तवात तापवल्यावर उमटणारी. अक्षरं असली की मुद्रिका, रामाच्या नावाची होती तशी.

जुनी_पेठ : नाही पटत. मुद्रिकेचं काम ओळख पटवणं. मारुतीने ती सीतेपुढे ठेवली तेव्हा तिला विश्वास आला, हा रामाचाच दूत. दुष्यंतालाही शकुंतला आठवली ती अंगठी हाती आल्यावर, म्हणून तर कालिदासाच्या नाटकाच्या नावात 'अभिज्ञान', म्हणजे ओळखीची खूण, आहे. टोल्किनचं वळं याच्या अगदी उलट वागतं. ते बोटात घातलं की माणूस दिसेनासा होतो, आणि अक्षरंही विस्तवाशिवाय दिसत नाहीत. जे लपवतं त्याला ओळख पटवणाऱ्या वस्तूचं नाव देऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं. 'मुद्रिका' कितीही भारदस्त वाटली तरी.

चांदीची_तार : हे डोक्यातच आलं नव्हतं. मग वळं ठरलं. आता शुभ्र खड्याची, एल्फांच्या राणीची, गॅलाड्रिएलची अंगठी. इंग्रजीत तिच्या खड्याला 'डायमंड' न म्हणता 'अ‍ॅडमंट' म्हटलंय. 'हिरा' लिहिला तर चव जाते.

निळा_खडा : 'वज्र' लिहा! 'अ‍ॅडमंट' आणि 'डायमंड' दोन्ही एकाच ग्रीक शब्दातून आलेत, अर्थ 'अजिंक्य'. संस्कृतात 'वज्र' म्हणजे इंद्राचं शस्त्रही आणि हिराही. कठीणपणा, जुनेपणा आणि थोडा धाक, तिन्ही एका शब्दात. आणि आपल्या गळ्यातल्या दागिन्यांत 'वज्रटीक' आहेच, म्हणजे कानाला परकंही नाही.

जुनी_पेठ : सुंदर. 'वज्राचा खडा, चांदीच्या कोंदणात.' कोंदण हा शब्द आता फक्त लेखांत उरलाय, "निसर्गाच्या कोंदणात वसलेलं गाव" वगैरे. खऱ्या खड्याभोवती तो परत आला तर बरं वाटेल.

'हँडमेड'साठी आपल्याकडे क्रियापदंच पुरेशी आहेत. दागिना 'घडवतात', माळ 'ओवतात', मोती 'गाठवतात', खडा 'बसवतात', तुटलेली कडी 'झाळतात'. चिठ्ठीवर 'हाताने घडवलेलं वळं' म्हटलं की पुरे. किंमत सांगताना 'मेकिंग चार्ज' नको, 'घडणावळ' लिहा. आणि 'प्रेरित'ऐवजी 'कादंबरीवरून सुचलेलं'.

चांदीची_तार : घेतलं सगळं. शेवटचा दागिना म्हणजे झग्याला लावायचं हिरवं पान, त्यावर चांदीच्या शिरा. हिरवा मिना दोनदा तडकला, तिसऱ्यांदा जमला. त्याला 'ब्रोच'च म्हणू?

निळा_खडा : ब्रोचच म्हणा, रुळलेला शब्द आहे. पानासाठी कोल्हापुरी साजातला 'पानडी' मात्र उचला. 'मिन्याची पानडी, ब्रोच.'

जुनी_पेठ : आणि मघाचा 'अभिज्ञान' शब्द वाया जाऊ देऊ नका, तो या पानाचा आहे. कादंबरीत ऑर्क नावाचे राक्षस पकडून नेत असताना नायकाचा मित्र पिपिन हाच ब्रोच वाटेत मुद्दाम टाकतो, आणि माग काढणाऱ्या त्याच्या सोबत्याला, अ‍ॅरागॉर्नला तो सापडतो. रावण नेत असताना सीतेने आपले दागिने वानरांच्या दिशेने खाली टाकले होते, ते आठवा. चिठ्ठीवर 'खुणेचं पान' लिहा.

चांदीची_तार : खुणेचं पान. आत्ताच लिहिलं, आणि डबी बंद केली.