रॉकेटचा नेम चुकतो, तरी सैन्यांनी ते सोडलं का नाही?

कुतूहलराव

सध्या म्हैसूरच्या रॉकेटांबद्दल वाचतोय. हैदर-टिपूची लोखंडी नळीची रॉकेटं, त्यावरून इंग्लंडात वूलिचच्या शस्त्रागारात विल्यम काँग्रीव्हने बनवलेली, मग १८०६ चा फ्रान्समधल्या बुलोन्य बंदरावरचा मारा, १८०७ चं कोपनहेगन. वाचावं तिथे तक्रार एकच: नेमाचा पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रॉकेटं रणांगणावरून जवळपास नाहीशी होतात आणि दुसऱ्या महायुद्धात पाहावं तर सगळ्यांकडे! तोवर तोफा तर कितीतरी सुधारल्या होत्या. मग रॉकेट परत आलं कशाच्या जोरावर? टिपूवरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, ही विनंती.

जुना गोलंदाज

माझी सगळी नोकरी तोफांवर झाली. रॉकेटवाल्यांबद्दल माझं मत बरं नाही, ते धरूनच वाचा.

रॉकेटची खरी कमाई म्हणजे त्याला तोफ लागत नाही. १५५ मिमीच्या तोफेतून चाळीस-पंचेचाळीस किलोचा गोळा सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि त्याचा झटका तोफेला सोसावा लागतो. म्हणून जाड नळी, मागचा झटका (रिकॉइल) झेलणारी यंत्रणा, जमिनीत रुतणारे मागचे पाय (ट्रेल). बोफोर्स अकरा टनांच्या वर जाते ती उगीच नाही. रॉकेटचा वायू मागून मोकळा निघून जातो, लाँचरला धक्का जेमतेम बसतो. दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत कात्युशा, म्हणजे बीएम-१३, पाहा. साध्या ट्रकवर रूळ, त्यावर १३२ मिमीची १६ रॉकेटं, प्रत्येकी साडेबेचाळीस किलो. दहा सेकंदांत सगळी हवेत. १४ जुलै १९४१ ला ओर्शाच्या रेल्वे स्थानकावर कॅप्टन फ्ल्योरोव्हच्या बॅटरीने पहिल्यांदा हा मारा केला. एवढंच काम तेवढ्याच वेळात तोफांना सांगा. डझनभर तोफा, त्या ओढणाऱ्या गाड्या आणि माणसांची पलटण उभी करावी लागेल.

१९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं तेव्हा तर सपाट बुडाच्या लँडिंग क्राफ्टवर हजाराच्या आसपास रॉकेटं लावली होती. त्या होडक्यांवर तेवढ्या तोफा चढवल्या असत्या तर किनाऱ्याला लागण्याआधीच बुडाली असती.

आता नेम. रुळावरून सुटताना रॉकेटचा वेग कमी असतो आणि मोटर अजून जळत असते. आडवा वारा शेपटाकडच्या पंखांना ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळतं आणि मोटर त्याला तिकडेच रेटते. म्हणजे वारा डावीकडून आला की रॉकेट डावीकडेच जातं. नवख्यांना हे उलटं वाटतं. काँग्रीव्हच्या ३२ पौंडीला १५ फुटांची काठी होती. तेवढं लांब शेपूट वाऱ्यात धरून उडायचं म्हटल्यावर काय होणार! १८४४ मध्ये विल्यम हेलने काठी काढून टाकली आणि वायूला तिरपी वाट देऊन रॉकेट स्वतःभोवती फिरवलं. सुधारणा चांगली, पण थोड्याच वर्षांत आटेदार (आतून मळसूत्री खाचांच्या) नळीच्या, मागून भरायच्या तोफा आल्या आणि हेलची मेहनत वाया गेली.

शिळोप्याचा वाचक

प्रतिसाद आवडला, पण रॉकेटच्या धाकाचा मुद्दा सांगायचा राहिला की. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेटच्या झाडीत वेलस्लीची तुकडी रॉकेटं आणि बंदुकांच्या माऱ्यात गोंधळून मागे फिरली. हाच पुढे वेलिंग्टन झाला. अंधारात, ओळखीच्या नसलेल्या झाडीत, आग ओकत वेडीवाकडी येणारी नळी कुठे पडणार हे सोडणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर समोरच्याने आडोसा कुठे शोधायचा?

कोपनहेगनबद्दल मात्र सांभाळून. ती आग लोक सर्रास रॉकेटांच्या नावावर टाकतात. शहर जाळलं ते मुख्यतः उखळी तोफांच्या गोळ्यांनी.

मधलाच कोणीतरी

खांद्यावरच्या रॉकेटाचं कोणी काढलंच नाही. १९४२ चा अमेरिकी बझूका! त्याच्या रॉकेटात पुढून पोकळ ठेवलेलं स्फोटक असायचं. अशा स्फोटकाला चिलखत भेदायला वेग लागत नाही, धातूची धार स्फोटातच तयार होते. म्हणजे सावकाश जाणारं रॉकेट तिथे चालून जातं आणि एकटा शिपाई रणगाड्यासमोर उभा राहू शकतो. जवळून मारायचं असल्याने नेमाचंही फारसं अडत नाही.

जुना गोलंदाज

मान्य, ते माझ्याकडून राहिलं. विमानाचंही तेच आहे. ब्रिटिशांच्या टायफून लढाऊ विमानाच्या पंखांखाली आठ रॉकेटं असत. त्या ताकदीची तोफ त्या विमानाला पेलली नसती. पण नॉर्मंडीत लढाईनंतर रणगाडे तपासले तेव्हा रॉकेटने थेट फुटलेले फारच थोडे निघाले, वैमानिकांचे दावे काहीही असोत. शत्रूचे शिपाई मात्र घाबरून धडधाकट रणगाडे सोडून पळाले होते. तेव्हा वाचक, तुमचा धाकाचा मुद्दा घ्या.

कुतूहलराव

आभार. मग आजही तेच चाललंय का? युक्रेनमधल्या हिमार्सच्या, म्हणजे ट्रकवरच्या अमेरिकी रॉकेट लाँचरच्या, बातम्यांत तर अगदी एकेक पूल नेमून मारल्याचं येतं.

जुना गोलंदाज

तिथे पारडं फिरलंय, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. तोफेच्या गोळ्याला नळीतच गुरुत्वाच्या हजारो पट झटका बसतो, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स त्यात टिकवणं महागडं काम. रॉकेट त्यामानाने हळूहळू वेग घेतं, त्यामुळे जीपीएस आणि दिशादर्शक यंत्रणा बसवणं सोपं. हिमार्सवरून सुटणारं २२७ मिमीचं जीएमएलआरएस रॉकेट सत्तर किलोमीटरवर एकट्याने जाऊन लागतं. युक्रेनमध्ये रशियाने जीपीएस जाम करायला घेतल्यावर त्याचाही नेम ढळू लागला, ते वेगळं.

साध्या रॉकेटांची मात्र जुनी खोड कायम आहे. ट्रकवरच्या सोव्हिएत बनावटीच्या ग्रॅड लाँचरची ४० रॉकेटं वीस सेकंदांत संपतात, पल्ला वीसेक किलोमीटर. मग धुळीचा आणि धुराचा लोट उठतो आणि तुम्ही कुठे आहात हे शत्रूला कळतं. हाताने पुन्हा भरायला दहाएक मिनिटं लागतात, तेव्हा आधी जागा सोडायची आणि मग भरायचं. तोफ तेवढ्या वेळात मारा करतच असते.