मेंदूतला फुगा, एमआरआयवरचे पांढरे ठिपके : तुमच्या घरचा अनुभव लिहा

धागाकर्ती, सांगली
२०११ च्या श्रावणात आई देवापुढं वाती वळत होती. "डोक्यात काहीतरी फुटलं गं," म्हणाली आणि तिथंच कलंडली. वातीचा कापूस मुठीतच राहिला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा होता, तो फुटलेला. चौथ्या दिवशी गेली. गेल्या वर्षी थोरल्या दादाचं तेच झालं. सख्खी दोन माणसं गेल्यावर डॉक्टरांनी आम्हा उरलेल्या भावंडांना तपासून घ्यायला सांगितलं. माझ्या रक्तवाहिन्या साफ निघाल्या, पण एमआरआयवर पांढरे ठिपके दिसले. डाव्या हाताला मुंग्या येतातच. "एमएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार, असेल, नसेलही. सहा महिन्यांनी परत बघू." हे सहा महिने कसे काढायचे?

कराडकर
ताई, बी १२ तपासलंत का? आमच्या मंडळींनाही एमएसच म्हणत होते. बी १२ फार खाली निघालं, शिवाय जुनी अर्धशिशी. तिनंही असे ठिपके येतात म्हणे. इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या. ठिपके आहेत तसेच आहेत, दोन वर्षांत वाढले नाहीत.

मिरजेची सून
माझं उलट झालं. उजवा डोळा हलवला की दुखायचा, रंग फिके दिसायचे. नसेला सूज म्हणाले, बरीही झाली. पाच वर्षांनी पाय जड पडले, तेव्हा पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि एमएस ठरला. मधल्या वर्षांत वैशाखातल्या उन्हात तासभर हिंडलं की त्याच डोळ्यापुढं धुकं यायचं, गार पंख्याखाली बसलं की निवळायचं. मी ते कुणाला सांगितलंच नाही. तुम्ही वहीत तारखा लिहा. काय झालं, किती दिवस राहिलं, सगळं.

कोरेगावहून
वडिलांच्या फुग्याच्या तोंडाला धातूची क्लिप बसवलीय. तिचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या पाकिटात ठेवलंय. एमआरआयला जाताना ते आधी दाखवायचं, जुन्या काही क्लिपा त्या यंत्रात चालत नाहीत. माझ्यातही ३ मिलिमीटरचा निघाला. ऑपरेशन नको म्हणाले, नुसती नजर ठेवायची. बिडी त्याच दिवशी सोडली, बीपीची गोळी चुकवत नाही.

साताऱ्याची लेक
आमच्यात आजी आणि दोन काका गेले. वडील म्हणतात, कशाला उकरून काढायचं? वाचतेय सगळं.

धागाकर्ती
बी १२ राहिलंच होतं, सोमवारी रक्त देते. धाकटा भाऊ वर्षभर टाळत होता. कोरेगावचं लिहिलेलं त्याला फोनवर वाचून दाखवलं. गप्प बसला. मग म्हणाला, "किती वाजता निघायचं, अक्का?"