नवी गाळाची जमीन पहिल्यांदाच पाटपाण्याखाली: सुरुवात कुठून?

नवी_बागायत: नदीखोऱ्यातली 4 हेक्टर भारी जमीन, आजवर पाणी कधी दिलेलं नाही. वरच्या अंगाने नदीतून कच्चा पाट काढायचाय. सेकंदाला 30 लिटर पाणी मिळेल. पुरेल का? आणि आधी काय करायचं?

पाटकरी: सेकंदाला 30 लिटर म्हणजे तासाला 108 घनमीटर. एका पाळीला, म्हणजे एका वेळच्या भिजवणीला, 75 मिमी धरलं तर हेक्टरी 750 घनमीटर, म्हणजे सात तास. पाटातली झिरप धरून दहा तास मोजा. 40 तासांत सगळं रान भिजेल, पाणी पुरतं.

खरी गोम मुखाची, म्हणजे नदीतून पाट सुरू होतो त्या जागेची. वळणाच्या बाहेरच्या काठावर मुख ठेवा, आतल्या काठाला वाळू बसते. आणि गेट उभं राहिल्याशिवाय काठ फोडूच नका. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल खोऱ्यात 1901 मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी आणलं. गाळाने पाट बुजत चालला, म्हणून 1904 मध्ये काठाला नवा काप दिला, तोही गेटविना. 1905 च्या पुरात नदीच तिकडे वळली. भगदाड बुजवायला 1907 उजाडलं. आत साचलेल्या पाण्याचा सॉल्टन सी झाला.

वाफसा: सपाटीकरणाआधी वरची 15-20 सेमी माती बाजूला ओढून ठेवा आणि शेवटी परत पसरा. नाहीतर उंचवटे कापलेल्या जागी पीक वर्षानुवर्षं पिवळं राहतं. सरीला 100 मीटरला 20-30 सेमी उतार पुरे. पहिल्या पाण्याला भराव खचतो, त्यामुळे वाफसा आला, म्हणजे ओल कामाजोगी झाली, की सपाटीकरणाची फळी पुन्हा फिरवावीच लागते. त्याआधी पेरू नका.

निचरा: पाटाआधी निचऱ्याचे चर खोदा, हे मी ठासून सांगेन. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी चांगलंच म्हणायचं. तरी हंगामात 600 मिमी दिलं की हेक्टरी 3 टन क्षार रानात येतात. पीक पाणी पितं, क्षार मागेच राहतात. ते खाली धुऊन जायला वाट नसेल तर भारी जमीन आधी चिबडते, म्हणजे पाणी साचून दलदलीसारखी होते, मग सरीच्या माथ्यावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते.

नवी_बागायत: चर पुरेसा खोल आहे, हे कळायचं कसं?

निचरा: रानाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात छिद्रं पाडलेला पाइप दोन मीटर खोल उभा करा. दर आठवड्याला काठी सोडून पाण्याची खोली मोजा. पाणी जमिनीखाली दीड मीटरपेक्षा वर चढलं आणि पुढच्या पाळीपर्यंत उतरलं नाही, तर चर आणखी खोल करा.