एकट्या बाप्याचं घर: घरातले उद्योग सांगा की!

अनगोळचा_रंधा
माळा आवरताना वातीचा स्टो सापडला. हिरव्या एनॅमलचा, एका बाजूला पोचा आलेला. २००३ ला बेळगावात उद्यमबागेत नोकरीला लागलो तेव्हा वडगावात खोली घेतली होती, खाली मालकांचे माग. दिवसभर खटक-खटक. घासलेट मालकीणबाईंच्या कार्डावरचं, त्या बदल्यात मी त्यांच्या पोराचं गणित घ्यायचो. सगळ्या वाती एका उंचीला कापल्या नाहीत की एका बाजूला पिवळी ज्योत आणि भाताच्या पातेल्याला काजळी. मग राखेनं घासत बसा. रविवारी मटणाचा वास जिन्यात गेला की वरच्या खोलीतला सदलग्याचा गडी वाटी घेऊनच हजर.

आता स्वतःचा फ्लॅट आहे, गॅस आहे. माणूस तेवढाच, एक. परवा एका लग्नात परत तोच प्रश्न, 'घरात एकटा करतोस तरी काय?' म्हटलं लिहूनच टाकावं.

मी लाकूडकाम करतो. कारखान्यात मशीन येतात त्या पाइनच्या खोक्यांतून. ती फळी भंगारवाला जळणाच्या भावानं नेतो, मी विचारून घरी आणतो. पहिलं काम खिळे काढायचं. एक जरी आत राहिला तर रंध्याच्या पात्याला खोक पडलीच म्हणून समजा. पाइनला गाठी फार. गाठीपाशी रेषेच्या उलटं गेलात की लाकूड उचकटतं, तिथं फळी फिरवून, पातं केसभरच बाहेर ठेवून हळू घ्यायचं. पलीकडचं दिसेल इतका पातळ कीस निघायला लागला की संध्याकाळ वसूल. बाल्कनी अरुंद, त्यामुळे लांब फळीचं अर्धं अंग हॉलमध्ये असतं. बायको असती तर फळी आणि मी दोघंही जिन्यात.

पुस्तकांचं कपाट झालं, स्टूल झालं, आता चप्पल ठेवायची मांडणी करूलोय.

तुमचं सांगा. स्वयंपाक, दुरुस्त्या, छंद, नुसतं लोळणं, काहीही चालेल. लग्न का नाही केलंस हा वेगळा विषय, तो विभाग माझी आत्या बघते.

टिळकवाडी_सेकंड_गेट
स्टो विकणार काय?

अनगोळचा_रंधा
नाही. माळ्यावर परत ठेवला.

कौलारू_खानापूर
कौलं. माझं उत्तर संपलं.

बरं, लिहितो. आजोबांचं घर, सगळे भाऊ पुण्याला, मी इथेच. दर मे महिन्यात कौलं परतायची. आमच्याकडे पूर्वी गडी यायचे, आता सांगून सांगून कुणी येत नाही, तर मीच चढतो. खाली वासा आहे तिथेच पाय, मधल्या रिपेवर भार दिला की गेलात माजघरात. प्रत्येक कौल काढून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर परत बसवा, बद्द आवाज आला तर चीर आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी. शेवाळ काथ्यानं घासायचं. कोन्याची कौलं सगळ्यात शेवटी, चुन्यात.

आणि वानरं. त्यांना काय, ह्या पाख्यावरून त्या पाख्यावर उडी. मी चहा पितोय आणि वर खळ्ळ.

स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल घातलंय. सकाळी उजेडाचा चौकोन ओट्यावर पडतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत फडताळावर सरकतो. घड्याळ बघत नाही मी आता. खरं खरी मजा पहिल्या पावसाची. रात्री बॅटरी घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरायचं, पातेली तयार ठेवून. यंदा एकच पातेलं लागलं, तेही देवघरात. देवाला चालवून घ्यावं लागेल मेपर्यंत.

शहापूरची_लेक
मी बाई, चालेल ना? माझ्या थोरल्या भावाविषयी लिहिते, तो स्वतः लिहिणार नाही. लग्न केलं नाही त्यानं, आणि कुंदा करतो. दुकानातला छान असतोच हो, बेळगावात कुंद्याला काय तोटा. खरं हा घरी करतो, म्हशीच्या दुधाचा. दूध आटत आलं की चमच्याचमच्यानं दही घालतो म्हणजे दाणा पडतो. साखर वेगळ्या कढईत जाळून तांबूस करतो, रंग त्यानंच येतो. साखर दुधात पडते तेव्हा असं फसफसतं की मी दोन पावलं मागे! आणि मग ढवळत बसणे. तोवर फोन उचलत नाही, दार उघडत नाही. एकदा मामा दारात उभे राहून परत गेले.

हा धागा त्याला पाठवला. उत्तर आलं, 'वेळ नाही, दूध गॅसवर आहे.'

संसारी_माणूस
मी विवाहित. नुसता वाचतोय. कुंद्यापर्यंत आलो आणि आतून हाक आली. येतो परत.

निपाणीकर_सध्या_बेंगळुरू
पीजीत राहतो, घर वगैरे काही नाही. शेगडीला बंदी. किटलीत अंडी उकडतो, त्याच पाण्यात नंतर चहा नाही करत, विचारू नका. आईची शेंगा चटणी आणि कडक भाकरी गावाहून आली की मी राजा. खोलीतला बिहारचा पोरगा आता भाकरीत शेंगा चटणी आणि तेल घालून माझ्या आधी संपवतो. छंद म्हणाल तर शुक्रवारी रात्रीच्या बसचं तिकीट शोधणे.

कौलारू_खानापूर
@निपाणीकर कडक भाकरीचा डबा कुलपात ठेव.

मध्यमलहर_चिक्कोडी
रेडिओ. घरात सध्या किती आहेत ते बहिणीला सांगितलेलं नाही. जत्रेतून, भंगारातून, कुणाच्या आजोबांच्या खोलीतून आलेले. बहुतेकांचं दुखणं एकच, डायलची दोरी तुटलेली. लोक म्हणतात रेडिओ मेला. अहो काटा हलत नाही एवढंच. नायलॉन घातलात तर ड्रमवर घसरतो. मेण लावलेला दोरा घ्यायचा, ड्रमला दोन-तीन वेढे, पुल्यांवरून फिरवून स्प्रिंगला गाठ. गाठ मारताना एक हात ड्रमवर, एक पुलीवर, आणि दोरा दातात. तिसरा हात असलेली बायको मिळाली तर करतो लग्न.

रात्री मीडियम वेव्हवर धारवाड ७६५ किलोहर्ट्झला लावायचं, सांगली १२५१, पणजी १२८७. आवाज खरखरला तर रेडिओच फिरवून बघा, आत फेराइटची कांडी असते, ती स्टेशनाला आडवी झाली की आवाज भरतो. आणि एलईडी बल्ब बंद करा, निम्मी खरखर त्यांचीच. अंधारात बसूनच ऐकतो मी. शेजाऱ्यांना वाटतं लाईट गेली, ते आपला फ्यूज बघायला जातात.

टिळकवाडी_सेकंड_गेट
७६५ वर सकाळी कन्नड भावगीतं लागायची, वडील दाढी करताना ऐकायचे. गाणी अजून तोंडपाठ आहेत. आज गेटवर अर्धा तास उभा होतो, मालगाडी संपेचना. कुणाला ह्या गेटाला दुसरा चांगला रस्ता माहीत आहे काय?

संसारी_माणूस
आलो. तिसऱ्या गेटावरचा पूल घ्या. माझं तेवढंच योगदान.

हुक्केरी_एकला
माझं थोडं वेगळं. मी एकटा झालो तो बायको गेल्यावर. मुलगी हैदराबादला. पहिल्या उन्हाळ्यात चटणीचा डबा संपत आला तेव्हा कळलं की हा डबा आपोआप भरत नव्हता. तिच्या वहीत मसाल्यांची वजनं होती, कृती नव्हती. कृती तिच्या हातात.

मग मीच गेलो मिरची घ्यायला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. संकेश्वर इथनं जवळच, बाजारातून हिंडून घेतली, देठ घरी बसून खुडले. दोन दिवस बोटं पेटलेली, डोळ्याला हात लावायची सोय नाही. कांदा चिरून उन्हात वाळवला, तळला, खोबरं, तीळ, धने सगळं वेगवेगळं भाजलं आणि डंकावर, म्हणजे चटणी कांडायला, गेलो. रांगेत सगळ्या बाया, मी एकटा बाप्या. पहिल्यांदा सगळ्या गप्प. मग एकीनं माझ्या डब्यात बघितलं, 'काका, लसूण आत्ता नाही, शेवटी घाला.' दुसरी म्हणाली मीठ जाडं पाहिजे. तिसरीनं तर तिच्यातली मूठभर संकेश्वरी माझ्यात टाकली, म्हणाली ह्यानं काय तिखट लागणार?

आता दर एप्रिलला जातो. जागा धरून ठेवतात माझी. मुलीला पार्सल पाठवतो, तिच्या सासरी वर्षभर तीच चटणी चालते.

शहापूरची_लेक
काका, वाचून गलबलून आलं. तुमच्या चटणीवर एक डबा कुंदा पाठवते भावाकडून, अदलाबदल.

हुक्केरी_एकला
चालेल की. चटणी जपून खावा म्हणावं.

राजहंसगड_पायडल
सायकल. पहाटे घर सोडायचं, येळ्ळूरवरून राजहंसगड, सूर्य वर यायच्या आत पायथा. शेवटच्या चढाला उतरून ढकलतो, लाज कसली. २०२३ ला महाराजांचा पुतळा झाल्यापासून रविवारी गर्दी असते म्हणून मी बुधवारी जातो, दुपारपाळी असते. वरनं खालची भातशेती दिसते, येताना येळ्ळूरला चहा आणि मिरची भजी. व्यायाम जागच्या जागी फिटला. घरी कुणी विचारत नाही कुठे होतास, हे चांगलं. टायर पंक्चर झाल्यावर पण कुणी विचारत नाही, ते तेवढं चांगलं नाही.

कन्नडी_शेजारचा
मला रोज विचारतात. समोरच्या अक्का बैलहोंगलच्या. दार उघडलं की 'ऊट आयता?', म्हणजे जेवण झालं काय? मी आयतु, झालं म्हणतो, त्या ताट बघतात, खात्री करतात. होळगी, म्हणजे पुरणपोळी, झाली की दोन माझ्या. मी त्यांचे मिक्सर, पंखे, गीझर दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात त्यांच्या भाचीचं स्थळ माझ्यासाठी आणलं, आता पंखा दुरुस्त करायला जायची भीती वाटते.

अनगोळचा_रंधा
@कन्नडी_शेजारचा तुमच्या अक्कांचा आणि माझ्या आत्याचा नंबर एकमेकींना देऊया नको.

गल्लीतला_किल्लेदार
मी वर्षभर काही करत नाही, नोकरी सोडून. दिवाळीत किल्ला. गल्लीतली पोरं आठ दिवस आधी येतात, 'मामा, दगड कुठनं आणायचे?' तांबडी माती, जुनी तरटं, विटांचे तुकडे. तरट चिखलात बुडवून दगडांवर टाकायचं म्हणजे कडे छान पडतात. अळीव चार-पाच दिवस आधी पेरायचा, नाहीतर भाऊबीजेपर्यंत टक्कलच. पाणी शिंपडून, ओतून नाही. बुरूज कुठला, दरवाजा कुठे, ह्यावर पोरांची भांडणं, मग मी नकाशा काढतो आणि कुणीच बघत नाही. गेल्या वेळी एकानं महाराजांच्या शेजारी डायनासोर ठेवला. काढला नाही मी. पहाऱ्याला आहे म्हणाला.

राजहंसगड_पायडल
डायनासोरला तटबंदीवर बढती द्या.

कौलारू_खानापूर
इकडे पाऊस जोरात सुरू. कणकुंबीकडे तर धो धो असणार. जांबोटीकडे कुणी निघालं असेल तर जपून. माझं ते एकच पातेलं भरलं.

कॅम्पातला_खवय्या
सगळे एवढे गुणी आहात म्हणून गप्प होतो. आज बाजारात सुरमई दिसली, कुणाला पाहिजे तर लवकर जावा.

मध्यमलहर_चिक्कोडी
जूनमध्ये सुरमई? १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते. बर्फातली जुनी असणार.

कॅम्पातला_खवय्या
तेच म्हटलं, डोळे असे का पांढरे. घेतली नाही. मी आपला मे महिन्यात कारवारहून सुके बांगडे आणून ठेवतो. पाऊस लागला की गॅसवर जाळी, बांगडा, वर खोबरेल तेलाचा थेंब, बाजूला गरम भात आणि सोलकढी. घरात नाक मुरडायला कुणी नाही. खिडक्या मात्र लावून घेतो, वरच्या मजल्यावर माळकरी मंडळी आहेत.

शहापूरची_लेक
खिडक्या लावून काय उपयोग, वास जिन्यातनं जातो.

कॅम्पातला_खवय्या
म्हणूनच दाराखाली ओलं टॉवेल. काल वरच्या काकांनी विचारलं, तुमच्याकडे पाणी येतंय काय दारातनं?